मृत समुद्राच्या काठची उपचारयात्रा

मनुष्याचा जीव सहसा न घेणारी, पण त्याला माणसांतून उठवणारी अशी जी थोडी दुखणी आहेत, त्यांत सोरायसिसची गणना करावी लागते. कोपरावर, गुडघ्यावर, कमरेच्या मागील बाजूस, डोक्याच्या केसांत तांबूस चट्टे उठावेत, त्यांवर रुपेरी पापुद्रे साचावेत, ते झडून अंथरुणावर, सदऱ्याच्या कॉलरीवर, बसल्या जागी सांडावेत, काही महिने सारे शांत व्हावे, आणि मग घशाच्या एखाद्या दुखण्याने, मनस्तापाने किंवा थंडीच्या आगमनाने पुन्हा सारे उसळून यावे, असा या व्याधीचा क्रम असतो. स्पर्शाने ती पसरत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटते, आणि ज्या पेशींनी साधारण महिनाभराच्या अवकाशात पक्व होऊन गळून पडावयाचे त्या तीन-चार दिवसांतच वर येऊन साठू लागतात. काही रुग्णांच्या सांध्यांनाही हा दाह गाठतो. आज या व्याधीवर प्रभावी औषधे उपलब्ध आहेत आणि त्यांची थोरवी कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु औषधाच्या बाटलीबाहेरही या रोग्यांच्या शुश्रूषेचा एक दीर्घ इतिहास आहे. ऊन, पाणी, विश्रांती आणि समदुःखी माणसांची सोबत या चार गोष्टींचा तो इतिहास आहे, आणि त्याचे सर्वांत ठळक प्रकरण पृथ्वीच्या पाठीवरील सर्वांत खोल भूमीवर, मृत समुद्राच्या काठी लिहिले गेले.

त्या किनाऱ्याकडे वळण्यापूर्वी या रोग्यांनी शतकानुशतके जो अन्याय सोसला त्याची हकीकत सांगणे अवश्य आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार वर्णिले असून त्यांपैकी सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे मानली आहेत. त्या अकरांतील एककुष्ठ आणि किटिभ यांची वर्णने वाचताना, माशाच्या खवल्यांसारखी दिसणारी, घाम न येणारी आणि विस्ताराने पसरलेली ती त्वचा आपल्या ओळखीची वाटू लागते, आणि आजचे वैद्य सोरायसिसची सांगड बहुधा या दोहोंपैकी एकाशी घालतात. प्राचीन वैद्यांनी निदान भेद तरी केला होता. लोकव्यवहाराने तोही केला नाही, आणि रक्तपितीच्या, म्हणजे महारोगाच्या, नावाखाली कितीतरी निरुपद्रवी चट्टेही गावकुसाबाहेर ढकलले गेले. युरोपातही याहून निराळे घडले नाही. मध्ययुगात ज्यांना महारोगी ठरवून वेशीबाहेरच्या आश्रयगृहांत धाडण्यात आले, त्यांत सोरायसिसचे रुग्णही पुष्कळ असावेत असे वैद्यकाचे इतिहासकार मानतात. लंडनच्या रॉबर्ट विलन या वैद्याने १८०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्वचाविकारांचे शिस्तशीर वर्गीकरण केले आणि या व्याधीचे वर्णनही सूक्ष्म केले. पण तिच्या एका प्रकारास त्याने महारोगाशी जोडलेले जुने ग्रीक नावच ठेवले, आणि घोटाळा आणखी काही दशके लांबला. तो निस्तरला व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा याने १८४१ मध्ये. सोरायसिस ही महारोगाहून सर्वस्वी भिन्न, स्वतंत्र व्याधी आहे असे त्याने निःसंदिग्धपणे मांडले. आणि पुढे १८७३ मध्ये नॉर्वेच्या बर्गन शहरी हान्सेन याने महारोगाचा जंतू दाखवून दिला, तेव्हा शास्त्राच्या दप्तरात तरी या दोहोंची फारकत कायमची नोंदली गेली. लोकांच्या मनातील नोंद मात्र इतक्या लवकर बदलत नाही.

रोग्याला दूर लोटणाऱ्या समाजाने त्याला एक जागा मात्र नेहमी मोकळी ठेवली होती, ती पाण्याची. ‘जुन्या करारा’त अरामी सेनापती नामान हा आपली व्याधी धुऊन काढण्यासाठी यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो, आणि त्याची ती व्याधी आजच्या अर्थाने महारोग असेलच असे अभ्यासक मानीत नाहीत. तीच यार्देन पुढे मृत समुद्रास मिळते. त्या समुद्राच्या पूर्वतीरावर काल्लिर्होए येथे ऊन पाण्याचे झरे होते, आणि सर्वांगाच्या असह्य कंडूने आणि इतर दुर्धर विकारांनी गांजलेला वृद्ध हेरोद राजा आपल्या अखेरच्या दिवसांत तेथे स्नानासाठी गेला होता, असे इतिहासकार योसेफस लिहितो. अर्वाचीन काळी पॅरिसमधील सँ लुई इस्पितळ, जे चौथ्या हेन्री राजाने १६०७ मध्ये प्लेगच्या रोग्यांकरिता स्थापिले होते, ते १८०१ पासून त्वचारोग्यांसाठी राखण्यात आले, आणि तेथे आलिबेर या वैद्याच्या देखरेखीखाली गंधकयुक्त आणि साध्या स्नानांची मोठी व्यवस्था उभी राहिली. खुद्द हेब्रानेही व्हिएन्नाच्या इस्पितळात भाजलेल्या आणि दुर्धर त्वचारोग जडलेल्या रोग्यांसाठी अखंड स्नानाची शय्या योजली होती, जिच्यात रोगी दिवसचे दिवस कोमट पाण्यात पडून राहत असे. पाण्याने त्वचा मऊ होते, पापुद्रे सुटतात, तणाव उतरतो, एवढे तर कोणाही शुश्रूषकाला दिसत होते. पाण्याच्या जोडीस सूर्य आणून बसवण्याचे काम विसाव्या शतकाकडे राहिले होते.

मृत समुद्र हे वस्तुतः एक सरोवर आहे, आणि त्याचा पृष्ठभाग महासागराच्या पातळीहून सुमारे ४३० मीटर खाली आहे. यार्देनेचे पाणी आत येते, पण बाहेर जाण्यास वाट नाही. वर्षाकाठी पन्नास मिलिमीटरही पाऊस पडत नाही आणि वर्षातील सुमारे ३३० दिवस ऊन असते, तेव्हा पाण्याने वाफ होऊन जावे आणि क्षार मागे ठेवावा हाच तेथील युगानुयुगांचा शिरस्ता. सामान्य समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के क्षार असतात, तर येथे त्यांचे प्रमाण चौतीस टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यांतही आपल्या परिचयाच्या मिठापेक्षा मॅग्नेशियमचे क्षार अधिक आहेत, ज्यामुळे त्या पाण्याचा स्पर्श तेलकट लागतो. परंतु रोग्याच्या दृष्टीने पाण्याहूनही त्यावरील आकाश महत्त्वाचे ठरले. समुद्रपातळीहून इतक्या खाली पोहोचण्यास सूर्यकिरणांना हवेचा चारशेहून अधिक मीटरांचा अधिकचा थर ओलांडावा लागतो, शिवाय पाण्यावर सदैव बाष्पाचे एक पातळ आवरण तरंगत असते; या दोहोंतून गाळून येताना त्वचा भाजणाऱ्या आखूड लहरींचे अतिनील किरण अधिक प्रमाणात क्षीण होतात, आणि ज्या किंचित लांब लहरी सोरायसिसच्या दाहास शमवतात त्यांचा वाटा तुलनेने टिकून राहतो. परिणामी अन्यत्र ज्या वेळेत कातडी पोळून निघेल त्याहून पुष्कळ अधिक वेळ माणूस येथील उन्हात पडून राहू शकतो.

हा किनारा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जवळजवळ निर्मनुष्य होता. सैबेरियातून आलेल्या मोशे नोव्होमेस्की या खाणतज्ज्ञाने ब्रिटिश अंमलदारांकडे वर्षानुवर्षे खटपट करून या पाण्यातून पोटॅश आणि ब्रोमीन काढण्याचा मक्ता मिळवला, आणि १९३० च्या सुमारास उत्तर टोकाशी व १९३४ मध्ये दक्षिणेस सदोम येथे कारखाने उभे राहिले. १९४८ च्या युद्धात उत्तरेकडचा कारखाना उद्ध्वस्त झाला. दक्षिणेकडचा इस्राएलच्या नव्या सरकारने १९५२ मध्ये पुन्हा हाती घेतला, आणि १९५३ मध्ये बीरशेबाहून सदोमपर्यंत मोटररस्ता झाला. वैद्यकाच्या इतिहासात रस्त्यांचा उल्लेख फारसा होत नाही. मला तो अत्यंत आवश्यक वाटतो. पोटॅशच्या गाड्यांसाठी खोदलेल्या त्या रस्त्यावरूनच पुढे रोगी आले.

आणि त्या रोग्यांकडे ज्यांनी प्रथम शास्त्रीय दृष्टीने पाहिले ते जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातील दोन त्वचारोगतज्ज्ञ होते, आर्ये दोस्त्रोव्स्की आणि फेलिक्स साघेर. या दोघांनी महारोगावरही पुष्कळ काम केलेले होते, आणि ज्या व्याधीला इतिहासाने महारोग समजून दूर ठेवले तिच्या सांत्वनाचा मार्ग महारोगाच्याच जाणकारांनी दाखवावा, यात मला मोठे औचित्य दिसते. १९५९ मध्ये ‘हारेफुआ’ या हिब्रू वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी मृत समुद्राच्या सोरायसिसवरील परिणामाविषयी आपला छोटासा निबंध प्रसिद्ध केला. तेथे उपचार घेणाऱ्या रोग्यांची त्वचा सुधारत असल्याचे त्यांनी नोंदवले. निबंध लहान होता आणि हिब्रूत होता, त्यामुळे त्याचा बोलबाला जगभर लगेच झाला नाही. पण आतापर्यंत जी ऐकीव गोष्ट होती तिला वैद्यकाच्या दप्तरात प्रवेश मिळाला.

तिला देशोदेशी नेण्याचे श्रेय उत्तर युरोपाकडे जाते, आणि तेही साहजिकच, कारण ज्या देशांत हिवाळ्याचे सहा महिने सूर्य क्षितिजावर जेमतेम डोके वर काढतो तेथे सोरायसिसचा रोगी उन्हासाठी खरोखर तहानलेला असतो. डेन्मार्कने प्रकाशाच्या उपचाराची परंपरा आधीच सुरू केली होती. नील्स फिन्सेन याला त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्याच देशातील रुग्ण १९७२ पासून मृत समुद्राकडे उपचारासाठी जाऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या अवराख या डेन्मार्कच्या डॉक्टराने त्यांच्या प्रगतीचे अहवाल प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, १९७२ मध्येच, डेन्मार्कच्या सोरायसिस रुग्णांनी आपली संघटनाही स्थापन केली. औषधी दुकानातून न मिळणाऱ्या अशा या उपचारासाठी, म्हणजे विमानाचे भाडे, परदेशातील मुक्काम आणि चार आठवड्यांची रजा या साऱ्यांसाठी, त्या देशाच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने खर्चाची तरतूद केली, ही गोष्ट त्या काळच्या राज्यकारभाराच्या इतिहासात गौरवाने नोंदण्यासारखी आहे. ऊन हे औषध आहे असे मान्य करणारा आणि त्याचे देयक मंजूर करणारा सरकारी कारकून जगात फार ठिकाणी झालेला नाही.

या उपचाराची रीत बाहेरून पाहता अगदी साधी आहे. किनाऱ्याच्या दक्षिण भागात एन बोकेक येथे, जेथे पुढे पथिकाश्रमांची ओळ उभी राहिली आणि सोरायसिसची स्वतंत्र चिकित्सालये निघाली, तेथे रोगी साधारण चार आठवडे मुक्काम करतो. आल्याबरोबर डॉक्टर त्याची नखशिखान्त तपासणी करतात, चट्ट्यांचा विस्तार, जाडी आणि लाली यांची नोंद होते, आणि त्याच्या त्वचेच्या वर्णाप्रमाणे उन्हाची मात्रा ठरते. पहिल्या दिवशी सकाळी आणि दुपारी काही मिनिटे, मग दिवसागणिक थोडी थोडी वाढ, आणि शेवटी शेवटी दिवसाकाठी काही तास, असा तो चढता क्रम असतो; हा क्रम उतावीळपणे मोडणाऱ्या नवागताला डॉक्टर कडक शब्दांत आवर घालतात, कारण पोळलेल्या कातडीवर नवे चट्टे उठणे हा या व्याधीचाच एक धर्म आहे. पाण्यात शिरणे हाही एक अभ्यासच. भेगाळलेल्या त्वचेला तो क्षार पहिल्या दिवसांत झोंबतो. डोळ्यांत एक थेंब गेला तरी असह्य होते. पोहणे जवळजवळ अशक्यच, कारण शरीर बुडतच नाही, तेव्हा उताणे पडून, हात पसरून, निश्चल राहावयाचे, आणि ठरावीक मिनिटांनी बाहेर येऊन गोड्या पाण्याने अंग धुवावयाचे. त्यानंतर सर्वांगाला स्निग्ध लेप चोपडून रोगी सावलीत बसतो. दुपारची झोप, वेळेवर जेवण, सायंकाळी काठाने चालणे. दुसरे काम नाही. घरी जे माणूस कचेरी, संसार आणि खाज या तीन धन्यांची चाकरी एकाच वेळी करीत असते, त्याला हा रिकामपणा पहिल्या आठवड्यात जड जातो आणि दुसऱ्या आठवड्यापासून मानवू लागतो.

पण या स्थळाचे खरे वैशिष्ट्य मला वेगळेच दिसते. उन्हाचा लाभ सर्व त्वचेला व्हावा म्हणून तेथे पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी उंच आडोशांची स्वतंत्र सूर्यस्नानगृहे बांधलेली आहेत, आणि त्यांत रोगी पूर्ण विवस्त्र होऊन पहुडतात. ज्याने वीस वर्षे उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा अंगरखा घातला, ज्याने न्हाव्याकडे जाणे टाळले, ज्याने लग्नकार्यात हात पदराआड किंवा खिशात लपवले, पोहण्याच्या तलावाची पायरी कधी उतरली नाही, त्या मनुष्याला येथे प्रथमच शेकडो लोकांत उघड्या अंगाने राहण्याची मुभा मिळते, आणि आजूबाजूला पाहावे तो प्रत्येक पाठीवर, प्रत्येक पोटावर तेच चट्टे. कोणी टक लावून पाहत नाही. कोणी जागा सोडून पलीकडे सरकत नाही. झडलेल्या पापुद्र्यांबद्दल कोणी कोणाची क्षमा मागत नाही. पहिल्या आठवड्याचा रोगी शेजारी पहुडलेल्या चौथ्या आठवड्याच्या रोग्याची गुळगुळीत झालेली पाठ पाहतो, आणि डॉक्टरांच्या दहा आश्वासनांनी जो धीर आला नसता तो त्याला येतो. पुढे जेव्हा संशोधकांनी अशा उपचारस्थळी आलेल्या रोग्यांशी सविस्तर संभाषणे केली, तेव्हा त्वचेच्या सुधारणेइतकीच या सहवासाचीही महती त्यांच्या तोंडून आली. ज्या समाजाने महारोगाच्या भीतीने या माणसांना झाकून घेण्यास शिकवले, त्याने लावलेली ही शतकांची सवय मोडण्यास एवढा मोठा आडोसा आणि एवढा मोठा जमाव लागला.

अशा ठिकाणी भावनेच्या भरात अतिशयोक्ती होण्याचा संभव असतो, म्हणून शास्त्राने काय सिद्ध केले आणि काय नाही हेही सांगितले पाहिजे. चार आठवड्यांच्या अखेरीस बहुसंख्य रोग्यांची त्वचा जवळजवळ किंवा पूर्णपणे स्वच्छ होते, हे हजारांहून अधिक रोग्यांच्या नोंदींवरून वारंवार दिसून आले आहे. पण गुण कशाचा, पाण्याचा की उन्हाचा, हा वाद बराच काळ चालला. १९९० नंतरच्या दशकात इस्राएली वैद्यांनी रोग्यांचे गट पाडून काहींना केवळ स्नान, काहींना केवळ ऊन आणि काहींना दोन्ही असा उपचार देऊन पाहिला, तेव्हा सिंहाचा वाटा उन्हाचा निघाला आणि पाण्याने त्यात थोडी भर घातली. समुद्राच्या नावाने जी कीर्ती झाली होती तिचा मोठा हिस्सा अशा रीतीने आकाशाच्या खाती जमा झाला. दुसरी गोष्ट अशी की हा उपचार व्याधीचे मूळ काढीत नाही. काही महिने निवांतपणाचे जातात, आणि मग चट्टे पुन्हा डोकावू लागतात. तिसरी गोष्ट गंभीर आहे. मृत समुद्रावर उपचार घेतलेल्या डेन्मार्कच्या रोग्यांच्या नोंदी तेथील कर्करोगाच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्वचेच्या कर्करोगाचे, विशेषतः मेलॅनोमाखेरीज इतर प्रकारांचे, प्रमाण त्यांच्यात अपेक्षेहून अधिक आढळले, आणि हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या हिताकरिता ही यात्रा सुरू झाली त्यांच्यापुढे असा हिशेब मांडण्याचे धैर्य त्या वैद्यांनी दाखवले, आणि त्या हिशेबाखाली सही करणाऱ्यांत अवराखही होते, याचा मला फार आदर वाटतो. गोऱ्या कातडीच्या उत्तरेकडील माणसास हा धोका विशेष. म्हणून यात्रा किती वेळा करावी आणि प्रत्येक वेळी ऊन किती घ्यावे याचा विचार पुढे अधिक काटेकोरपणे होऊ लागला.

मृत समुद्राचे उदाहरण पाहून किंवा स्वतंत्रपणे, अन्यत्रही अशी स्थळे निघाली. नॉर्वेच्या सरकारने १९७६ पासून आपल्या रोग्यांना उबदार हवेच्या देशी पाठविण्याचा उपक्रम आरंभला, आणि सोरायसिसच्या रोग्यांसाठी कॅनरी बेटांतील ग्रॅन कॅनारिया हे ठिकाण निवडले. तेथे तीन आठवड्यांत डॉक्टर आणि परिचारिका यांच्या देखरेखीखाली सूर्यस्नान तर होतेच, शिवाय व्यायाम, आहार, त्वचेची निगा आणि व्याधीसह जगण्याची रीत यांचे गटागटाने शिक्षण दिले जाते. आइसलंडमध्ये १९७६ मध्ये स्वार्त्सेंगी येथे भूगर्भातील उष्णतेवर वीज निर्माण करणारे केंद्र सुरू झाले, त्याचे वापरून सोडलेले दुधाळ निळे पाणी लाव्हाच्या खडकांत साचले, आणि १९८१ मध्ये सोरायसिसने त्रस्त असलेल्या एका तरुणाने परवानगी मागून त्यात स्नान करण्यास आरंभ केला. आज जगभरचे प्रवासी ज्या निळ्या सरोवराला भेट देतात त्याचा जन्म त्या अर्जातून झाला. तुर्कस्थानात सिवास प्रांतातील कांगल येथील ऊन झऱ्यात लहान मासे रोग्याच्या चट्ट्यांवरील मऊ झालेले पापुद्रे टिपून घेतात, आणि मग उघड्या झालेल्या त्वचेवर त्या डोंगराळ प्रदेशाचे प्रखर ऊन पडते. या सर्व ठिकाणी पाण्याचे गुण निरनिराळे सांगितले जातात. समान आहे ते ऊन आणि जमाव.

जमावाचे महत्त्व ओळखण्यासाठी दरवेळी समुद्र लागतोच असे नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरी १९६६ मध्ये बेव्हर्ली फॉस्टर या सोरायसिसग्रस्त स्त्रीच्या पतीने तिच्या वाढदिवसाच्या निमित्ताने वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात दिली, की याच व्याधीने पीडित अशा लोकांनी संपर्क साधावा. दूरध्वनीची जी रीघ लागली तिच्यातून एक संस्था उभी राहिली, आणि तीच पुढे त्या देशाची राष्ट्रीय सोरायसिस संस्था झाली. ब्रिटनमध्ये दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, तशीच संघटना निघाली. पुढे २०१४ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसविषयी जो ठराव संमत केला, आणि ज्यात या रोग्यांना सोसावा लागणारा भेदभाव दूर करण्याचे आवाहन सर्व राष्ट्रांना केले, त्याच्या मागे अशा संघटनांची दीर्घ खटपट होती.

दरम्यान उन्हाचे सार प्रयोगशाळेत काढण्यात आले होते. १९७४ मध्ये बोस्टन येथे पॅरिश, फिट्झपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत पाठक हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञही होते, सोरालेन पोटात देऊन वर अतिनील किरण टाकण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सोरालेन हे द्रव्य बावचीच्या बियांत असते, आणि बावची व ऊन यांचा संयोग आपल्या वैद्यांनी श्वित्रावर, म्हणजे पांढऱ्या कोडावर, फार प्राचीन काळापासून केला आहे. पुढे ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अरुंद पट्ट्याचे किरण तेवढे देणारे दिवे निघाले, औषधाचीही गरज उरली नाही, आणि १९८० नंतरच्या दशकापासून हे दिवे जगभरच्या रुग्णालयांत पोहोचले. सोय मोठी झाली, यात संशय नाही. गरीब रोग्याला समुद्रपार जाणे नको, चार आठवड्यांची रजा नको. आठवड्यातून तीनदा यावे, पेटीत काही मिनिटे उभे राहावे, कपडे घालून कामावर जावे. परंतु त्या पेटीत रोगी एकटाच असतो. तिच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या रोग्याशी त्याची गाठ पडते ती ओझरती, आणि तीही पुन्हा पूर्ण कपड्यांत. याच पेटीत उभ्या असलेल्या रोग्यांवर अमेरिकेतील जॉन कबाट-झिन यांनी एक लहानसा प्रयोग केला होता: सदतीस रोग्यांपैकी काहींना किरण घेताना ध्यानाची ध्वनिफीत ऐकवली, आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे त्यांची त्वचा इतरांहून लक्षणीय वेगाने निवळली. प्रयोग लहान आहे आणि त्यावर मोठा डोलारा उभारू नये. तरी ऊन वेगळे काढता आले म्हणून मन वेगळे काढता येत नाही, एवढे त्याने दाखवले.

या साऱ्या हकिकतीत मराठी माणसाचा संबंध एका अनपेक्षित वाटेने येतो. सदोमच्या कारखान्यांतील कामगारांसाठी वाळवंटात १९५५ मध्ये दिमोना नावाचे गाव वसवण्यात आले, आणि कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल समाजातील, म्हणजे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात ज्यांना शनवार तेली म्हणत त्या समाजातील, पुष्कळ कुटुंबे तेथे स्थायिक झाली. त्या गावी आजही मराठी बोलणारी माणसे भेटतात. मृत समुद्राच्या त्या किनाऱ्यापासून ते गाव मोटारीने तासाभराहूनही कमी अंतरावर आहे.

इकडे मात्र परिस्थिती उलटी आहे. आमच्या देशात उन्हाचा तुटवडा नाही. वज्रेश्वरी-अकलोलीपासून तुरळ-राजवाडीपर्यंत आणि किनवटजवळच्या उनकेश्वरापर्यंत ऊन पाण्याची कुंडे आहेत, आणि त्वचेचे रोगी त्यांत पूर्वापार स्नान करीत आले आहेत. ज्याची उणीव आहे ती आडोशाची. चाळीच्या दोन खोल्यांत सहा माणसांत राहणाऱ्या स्त्रीने आपली पाठ उन्हाला द्यावयाची कोठे? कुंडात उतरलेल्या रोग्याकडे पाहून घाटावरील लोक पाय मागे घेतात, तेव्हा ते पाणी त्याला कितपत मानवणार? मोठ्या सरकारी आणि नगरपालिकेच्या रुग्णालयांतील त्वचाविभागांत किरणांची पेटी असते, रांग असते, आणि डॉक्टरांपाशी एका रोग्यासाठी काही मिनिटेच असतात. तेथे पेटीशेजारची एखादी खोली, फार मोठी नव्हे, आठवड्यातून एक तास या रोग्यांना दिली, परिचारिकेने त्यांना कोमट पाण्याचे स्नान, स्नानानंतर ओल्या अंगावरच स्निग्ध लेप लावण्याची पद्धत, खाजेवर नखाऐवजी थंड ओले फडके, सकाळच्या कोवळ्या उन्हाची मात्रा या गोष्टी शिकवल्या, आणि मग ती दार ओढून बाहेर गेली, तर त्या खोलीत पुढे जे संभाषण होईल त्यास खर्च काही येत नाही. त्यासाठी लागणारी मंजुरी विभागप्रमुखाच्या हाती आहे.